घरची वडीलधारी माणसे आणि सरकारी आरोग्यविमा

अडतीच्या व्यवहारात भाव, वजन आणि भरणा या तीन गोष्टी माल हलण्यापूर्वी बोलून घेण्याची आपली जुनी रीत आहे. घरातील वृद्धांच्या औषधपाण्याच्या बाबतीत मात्र आपण कोणताही प्रश्न आधी विचारीत नाही. मग ऐन आजारपणात, अपरात्री, निजामाबादच्या नाही तर नांदेडच्या वाटेवर असताना ‘कार्ड चालेल काय?’ अशी विचारपूस सुरू होते. निर्मल, भैंसा, मुधोळ या टापूतील व्यापारी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. वडिलांना महिन्या-दोन महिन्यांनी नियमाने दाखविता येईल, जेथील डॉक्टरांस वृद्ध प्रकृतीची जाण असेल आणि जेथे सरकारी विमा चालेल, असा दवाखाना जवळपास कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ नाही, आणि ते उमजले नाही म्हणजे पैसा व वेळ दोन्ही व्यर्थ जातात.

प्रथम हा प्रश्न आला कोठून ते पाहू. आपल्या पुष्कळ घरांतील मुले-मुली आज परदेशी आहेत, आणि दूरध्वनीवरून आईवडिलांची काळजी वाहताना ती आपल्या नव्या मुलुखाचा हिशेब येथे लावतात. अमेरिकेत ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तेव्हापासून पासष्टीपुढील माणसाच्या रुग्णालयाच्या खर्चासाठी एक भाग व डॉक्टरांच्या नित्य भेटीसाठी दुसरा भाग अशी तेथील विम्याची रचना आहे. साहजिकच ‘विमा स्वीकारणारा डॉक्टर’ शोधणे हे तेथे प्रत्येक वृद्धाचे पहिले काम असते. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे नागरिक आपल्या वस्तीतील डॉक्टरकडे नाव नोंदवितो, आणि भेटीचे पैसे देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडील सरकारी विम्याची घडण या दोहोंहून निराळी आहे.

आपल्या योजना जन्मल्या त्या मोठ्या आजारात कुटुंब कर्जबाजारी होऊ नये या हेतूने. अविभक्त आंध्र प्रदेशात १ एप्रिल २००७ रोजी ‘आरोग्यश्री’ सुरू झाली, ती प्रथम महबूबनगर, अनंतपूर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांत. तेलंगण राज्य झाल्यावर ती पुढे चालू राहिली, आणि ९ डिसेंबर २०२३ पासून तिची वार्षिक मर्यादा कुटुंबामागे १० लाख रुपये करण्यात आली. केंद्राची ‘आयुष्मान भारत’ योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली. तिची मर्यादा ५ लाख रुपयांची आहे आणि तेलंगण तिच्यात २०२१ मध्ये सामील झाले. या योजनांचा मुख्य आधार म्हणजे रुग्णालयात दाखल होणे. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे धरली जातात. तुमचा जुना आजार कोणता होता हे पाहिले जात नाही, पहिल्या दिवसापासून तो ग्राह्य असतो. हप्ता भरावा लागत नाही. एवढे सर्व उत्तम आहे. तथापि रोगी आपल्या पायांनी चालत आला, रक्तदाब मोजून घेतला, चिठ्ठी घेतली व घरी परतला, तर त्या भेटीचा पैसा हे कार्ड देत नाही. कार्ड खाटेचे आहे, डॉक्टरांसमोरील बाकाचे नव्हे.

याचा परिणाम किती विपरीत होतो तो पाहावा. मधुमेह असलेल्या वृद्धाने दर तीन महिन्यांनी साखर पाहिली, पायांची तपासणी करविली, गोळ्या बदलून घेतल्या, तर तो सारा खर्च घरचा. त्याच वृद्धाने दुर्लक्ष केले, पायास जखम झाली, ती चिघळली व पाऊल कापावे लागले, तर शस्त्रक्रियेचे हजारो रुपये सरकार भरील. योजना आखणाऱ्यांस हे कळत नव्हते असे नाही. रोजच्या किरकोळ बिलांची पडताळणी देशभर करणे दुर्घट आहे, म्हणून त्यांनी मोठी रकम तेवढी उचलली. पण ज्याच्या घरी वृद्ध माणूस आहे त्याने हे जाणून घेतले पाहिजे की वाचविण्याजोगे जे आहे ते पहिल्या खर्चात आहे, दुसऱ्यात नाही. तेव्हा एकाच दवाखान्यात दोन्ही सोयी शोधण्याचा आग्रह सोडून हे दोन शोध निरनिराळे करावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आधी खाटेच्या कार्डाविषयी. येथे व्यापारीवर्गाची अडचण वेगळीच होती. आरोग्यश्री ही मुख्यतः अन्नसुरक्षा शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांसाठी, तर आयुष्मान योजना मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत गरीब ठरलेल्या कुटुंबांसाठी. सरकारी नोकरास त्याची स्वतंत्र सोय, निवृत्त सैनिकास २००३ पासून त्याची स्वतंत्र सोय. किराणा, कापड, भुसार किंवा कापसाचे लहानसे दुकान चालवून कर भरणारा गृहस्थ यांपैकी कोठेच बसत नसे. खाजगी विमा कंपन्या साठी उलटलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवीत. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, त्याची मिळकत कितीही असो, आयुष्मान योजनेत घेण्याचे ठरविले आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा प्रारंभ झाला. सुमारे ४.५ कोटी कुटुंबांतील ६ कोटी वृद्ध या निर्णयाच्या कक्षेत येतात असा सरकारी अंदाज होता. या वृद्धांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ नावाचे निराळे कार्ड काढले जाते. मिळकतीची अट नसलेला असा सरकारी आरोग्यविमा आपल्या वर्गाच्या वाट्यास प्रथमच आला आहे.

त्यातील बारकावे मात्र ध्यानी घ्यावेत. वय आधारपत्रावरून ठरते. आपल्या वृद्धांपैकी अनेकांच्या आधारपत्रावर जन्मवर्षच तेवढे असते किंवा अंदाजाने घातलेली तारीख असते. ती चुकीची असेल तर दुरुस्ती आजच करून घ्यावी, दवाखान्याच्या दारात ती होत नाही. पती ७२ वर्षांचे व पत्नी ६६ वर्षांची असेल तर या कार्डाचा लाभ पतीस मिळतो, पत्नीस नाही. घरात सत्तरीपुढील दोघे असतील तर ५ लाखांची मर्यादा दोघांत मिळून असते. ज्या कुटुंबास आयुष्मानचे संरक्षण आधीपासून आहे, त्यातील सत्तरीपुढील माणसांस ही रकम वेगळी व वाढीव मिळते. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारच्या निवृत्तांची किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर मात्र दोहोंतील एक निवडावी लागते. नोंदणी आयुष्मानच्या अॅपवरून अथवा योजनेतील रुग्णालयात होते, आणि माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

आणखी एक गोष्ट. योजना केंद्राची असली तरी ती चालविते राज्याची यंत्रणा, आणि रुग्णालये योजनेत येतात ती सरसकट नव्हे, तर ठराविक उपचारांपुरती. एखाद्या रुग्णालयाचे नाव हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत असेल व हृदयरोगासाठी नसेल. म्हणून केवळ ‘कार्ड चालते का?’ असे न विचारता रुग्णालयातील आरोग्यमित्रास तीन गोष्टी विचाराव्यात. सत्तरीवरील कार्ड येथे घेतात काय, या विशिष्ट उपचारासाठी घेतात काय, आणि मंजुरी येण्यापूर्वी काही रकम भरावी लागेल काय. उत्तर कागदावर लिहून घेतल्यास अधिक बरे. सौदापत्रकाशिवाय माल न उचलणाऱ्यांस हे सांगावे लागू नये.

आता दुसरा शोध, नित्याच्या डॉक्टरांचा. येथे विम्याची गरजच नाही, कारण ही सेवा सरकारी दवाखान्यात मूळचीच विनामूल्य आहे. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ या वर्षी सुरू झाला. त्याच्या आराखड्यानुसार जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दररोज बाह्यरुग्ण विभाग व १० खाटांचा कक्ष, सामूहिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोनदा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना, तसेच अंथरुणास खिळलेल्यांकडे आरोग्यसेवकाची घरभेट अशी व्यवस्था आहे. निर्मल हा ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्या दिवशी तो स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२३ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पूर्वी ज्या तपासणीसाठी आदिलाबाद किंवा निजामाबाद गाठावे लागे, ती आता गावातच होण्याची शक्यता बरीच वाढली आहे. भैंसा येथेही सरकारी रुग्णालय आहे. आपल्यातील सुस्थितीतील घरे सरकारी दवाखान्याची पायरी चढण्यास संकोचतात हे खरे, पण रक्तदाबाचे यंत्र सरकारी असो वा खाजगी, आकडा एकच दाखविते. रांगेचे भय वाटत असेल तर हेही सांगणे अवश्य आहे की आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात, कलम २० मध्ये, सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांची रांग वेगळी असावी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय असावी असे म्हटले आहे. ती रांग दिसली नाही तर मागावी.

आराखडा व अनुभव यांत अंतर असते हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक ठिकाणी ‘वृद्धांचा दवाखाना’ म्हणजे नेहमीचाच बाह्यरुग्ण विभाग असतो. वृद्धरोगाचे खास शिक्षण घेतलेले डॉक्टर आपल्या देशात मुळातच थोडे आहेत. या विषयाचा पहिला विभाग मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात १९७८ मध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी काढला आणि त्याची पदव्युत्तर पदवी तेथेच १९९६ मध्ये सुरू झाली. तेव्हा निर्मलसारख्या गावी अशी पाटी शोधीत फिरण्यापेक्षा, रोग्यास ओळखणारा, घाई न करणारा एक सामान्य डॉक्टर निवडून त्याच्याकडेच सातत्याने जाणे हे अधिक फलदायी होय. वर्षातून एकदा हैदराबादच्या नामांकित तज्ज्ञाकडे जाऊन दहा तपासण्या करून आणणारी व मधल्या अकरा महिन्यांत कोणाकडेच न जाणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या खर्चाचे चीज होत नाही.

अशा डॉक्टरांकडून नेमके काय करून घ्यावे, याची घरातील माणसास थोडी जाण हवी. वृद्धाचा आजार तरुणाच्या आजारासारखा बोलत नाही. लघवीत जंतुदोष झाला तर ताप येण्याऐवजी म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता नुसती धाप लागते किंवा ग्लानी येते. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून दोन दिवस वाट पाहतात, आणि तेच दोन दिवस मोलाचे असतात. रक्तदाब बसून एकदा आणि उभे राहिल्यावर पुन्हा एकदा मोजावा. उभे राहताच तो उतरत असेल तर पहाटे उठताना पडण्याचा धोका मोठा. चालण्याची परीक्षा तर घरीही करता येते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर डॉक्टरांच्या कानी घालावे. मांडीचे हाड मोडून अंथरुण धरलेला वृद्ध पुन्हा पेढीवर येऊन बसणे किती कठीण असते, हे प्रत्येक मोठ्या कुटुंबाने पाहिलेले आहे.

पण सर्वांत महत्त्वाची तपासणी औषधांच्या पिशवीची. हृदयाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, साखरेचे वेगळे. प्रत्येकाने दोन-तीन गोळ्या दिल्या आणि कोणीही दुसऱ्याच्या बंद केल्या नाहीत, असे होत होत दिवसाला दहा-बारा गोळ्या घेणारे वृद्ध आपल्या घरांत आढळतात. अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांस टाळावयाच्या औषधांची एक सूची सिद्ध केली. ती पुढे वेळोवेळी सुधारली गेली व आजही जगभर वापरली जाते. त्या विचाराने पाहता, ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहावरील जुनी गोळी वृद्धांची साखर धोकादायक इतकी उतरवू शकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडास अपाय करते व रक्तदाब वाढविते. सर्दीच्या साध्या गोळीनेही लघवी तुंबते, बुद्धीला भ्रम पडतो. दर भेटीस घरातील सर्व औषधे, अगदी चूर्णे व काढेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावीत आणि ‘यांतील कोणते थांबविता येईल?’ असे विचारावे. मात्र त्यांच्या सांगण्यावाचून कोणतेही औषध आपण होऊन बंद करू नये.

आपल्या घरांस लागू पडणाऱ्या दोन गोष्टी येथे नमूद करतो. मधुमेहावर मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास शरीरातील ‘बी १२’ हे जीवनसत्त्व उणे पडते. शाकाहारात ते आधीच कमी मिळते. पायांस मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे ही त्याची लक्षणे वार्धक्याच्या खाती घातली जातात, वास्तविक ती रक्ताच्या एका तपासणीने उघड होतात. दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळेची. सूर्यास्तानंतर अन्न किंवा पाणी न घेणाऱ्या अथवा उपवास करणाऱ्या वृद्धाने ते डॉक्टरांस आधीच स्पष्ट सांगावे. रात्री नऊची गोळी कागदावरच राहते व डॉक्टर समजतात की औषध लागू पडत नाही, मग मात्रा वाढविली जाते. वेळ सांगितली तर बहुतेक औषधे दिवसाच्या वेळेत बसविता येतात, साखरेच्या गोळ्यांचे प्रमाण उपवासाच्या दिवसांपुरते बदलता येते.

सीमेचा प्रश्न राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलुखात गेले, तर मुधोळ-भैंसा हा नांदेड जिल्ह्याचा भाग आंध्रात आला. राज्ये बदलली तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. बासरहून गाडीत बसले की नांदेड. मुलगी तेथे दिलेली, भाषा आपली, डॉक्टर ओळखीचा. साहजिकच रोगी तिकडे नेला जातो आणि तेथे कार्डाचे खरे दर्शन घडते. आरोग्यश्री तेलंगणाची आहे. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जी २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली व त्यांत नांदेडही होते, ती महाराष्ट्राच्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे. कर्नाटकातील ८६५ मराठी गावांस महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या योजनेत घेतले, पण आपली गावे त्या यादीत नाहीत. त्या सीमेवर वाद आहे, आपल्या सीमेवर नाही, याचा असाही तोटा! सीमा ओलांडून चालण्याची तरतूद आहे ती आयुष्मान कार्डास, आणि तेही योजनेतील रुग्णालयात व त्या उपचारासाठी. म्हणून नांदेडास जाण्याचा परिपाठ असलेल्या घरांनी तेथील एक-दोन रुग्णालयांत वर सांगितलेले तीन प्रश्न आजारपण नसताना विचारून ठेवावेत. आपल्या संस्थेच्या कार्यालयात निर्मल, भैंसा, निजामाबाद व नांदेड येथील अशा रुग्णालयांची आणि प्रत्येक आरोग्य केंद्रातील वृद्धांच्या वाराची एक यादी दर सहा महिन्यांनी ताजी करून लावली, तर तीस खर्च तो कितीसा येणार? दोन होतकरू तरुणांचे चार दिवस.

साठ ते सत्तर या वयाच्या मंडळींस अद्याप खाजगी विम्यावरच विसंबावे लागते. तेथील नियम आता पूर्वीइतके कठोर राहिलेले नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यास ६५ वर्षांची आडकाठी उरली नाही, आणि जुन्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत चारऐवजी तीन वर्षे झाली. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक परस्पर वाढविण्यास मनाई केली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. ज्या वृद्धाची कोणतीच पॉलिसी नाही, त्याच्या औषधोपचाराचा ५० हजार रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करपद्धतीत आयकरासाठी वजा मिळतो. अट एवढीच की तो रोखीने केलेला नसावा. औषधाच्या दुकानात नोटा मोजून देणाऱ्या पेढीमालकांनी याची नोंद घ्यावी.

शेवटी आपल्या पदरच्या माणसांविषयी. बाकापासून खाटेपर्यंत सर्व उपचार देणारा एक सरकारी विमा आपल्याकडे आहे, आणि त्याची किल्ली मालकाच्याच हाती आहे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना ती हीच. जेथे ती लागू आहे त्या क्षेत्रात दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेतील, महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या नोकरास तिचे संरक्षण मिळते. मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के व नोकराने ०.७५ टक्के भरावयाचे असतात. साधी तपासणी, औषधे व रुग्णालय हे सर्व तीत येते, आणि नोकरावर अवलंबून असलेल्या आईवडिलांसही ते मिळते. किमान पाच वर्षे विमा भरून वयोमानाने निवृत्त झालेल्या मुनिमास किंवा गुमास्त्यास पुढेही स्वतःसाठी व पत्नीसाठी उपचार चालू ठेवता येतात. त्यासाठी वर्षाला भरावे लागतात १२० रुपये.